परवासाहेबांचा जिराफ

परवासाहेबांना आपलं टोपणनाव ठाऊक नाही, अशी कचेरीतल्या सगळ्यांची समजूत होती आणि ती समजूत परवासाहेबांनी बावीस वर्षं मोठ्या मनाने चालवून घेतली होती. ते परवाना विभागात हेडक्लार्क. दुकानाला पाटी लावायची असो, दारावर पत्रा काढायचा असो की शटरबाहेर यंत्र ठेवायचं असो, परवाना लागतो आणि तो परवासाहेबांच्या टेबलावरून जातो; म्हणजे खरं तर जात नाही, तिथे थांबतो. त्यांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नाही. 'नाही' म्हटलं की माणूस भांडायला उठतो. 'उद्या' म्हटलं की मेला खरोखरच उद्या येतो. पण 'परवा या' म्हटलं की समोरच्याचं मनही मोडत नाही आणि आपलं कामही वाढत नाही. निम्मे तर विसरूनच जातात. हा शोध त्यांचा स्वतःचा होता आणि त्यांना त्याचा रास्त अभिमान होता. शिवाय शब्द असा गुणी, की होऊन गेलेला दिवसही परवा आणि यायचा दिवसही परवा. "अहो, तुमचा परवा नक्की पुढचा की मागचा?" असं बायको विचारायची, आणि ते नुसते हसायचे.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. नवरा सोडून सगळं जग तिला बाई म्हणे, म्हणून आपणही बाईच म्हणू. बाईंनी एकतीस वर्षं आफ्रिकेतला गवताळ प्रदेश पिवळ्या खडूने रंगवला, त्यात सिंह, झेब्रे आणि हरणं सोडली, आणि दरवर्षी न चुकता सांगितलं, की जिराफ चालताना एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. आधी उजवे दोन, मग डावे दोन. एका वर्षी वर्ग तपासायला अधिकारी मागच्या बाकावर येऊन बसलेले असताना एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही बघितलाय?"

बाई "हो" म्हणून गेल्या.

त्या 'हो'ला आता एकोणीस वर्षं झाली होती. बाईंनी आयुष्यात केलेली ती एकमेव लबाडी, आणि ती त्यांना चपलेतल्या खड्यासारखी टोचत राहिली होती. एकदा जाऊन खरंच बघून यावं, म्हणजे बोललेलं खरं होईल, एवढंच त्यांचं म्हणणं. "जाऊ या का हो एकदा?" असं त्या विचारायच्या. "जाऊ की," परवासाहेब म्हणायचे. "परवा."

मग बाई निवृत्त झाल्या आणि त्यांना फळ्यावरची मधली अक्षरं गायब व्हायची त्याचं कारण कळलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बरीच यंत्रं लावली, उतरवली आणि सांगितलं, "पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. आंधळ्या नाही होणार तुम्ही, पण लांबचं काय बघायचं असेल ते या वर्षात बघून घ्या."

"किती लांबचं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"आफ्रिका."

डॉक्टरांनी परवासाहेबांकडे पाहिलं. परवासाहेबांनी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे पाहिलं. जिना उतरताना ते म्हणाले, "जाऊ या आपण." बाईंनी कठडा चाचपत विचारलं, "कधी? परवा?" यात टोमणा नव्हता, सवय होती, आणि म्हणूनच ते परवासाहेबांना फार लागलं. त्याच दुपारी ते ट्रॅव्हलच्या ऑफिसात गेले आणि आफ्रिकेतल्या एका राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीत दोन जागा पक्क्या करून आले. सहल पाच आठवड्यांनी, शुक्रवारच्या विमानाने. तिथली ट्रॅव्हलवाली तरुण होती, हुशार होती आणि स्वतःच सहलीबरोबर जाणार होती. तिने एक यादी दिली. तिच्यात एकाच ओळीखाली लाल रेघ होती: पिवळ्या तापाची लस, विमानाच्या किमान दहा दिवस आधी. "सर, दहाचे नऊ झाले तरी तिकडे आत घेत नाहीत," ती म्हणाली. "परत पाठवतात."

परवासाहेब मान डोलावून मंद हसले. नियमांच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवावं, याची त्यांना गंमत वाटली.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहत. त्यांनी परदेशातलं एक प्राणिसंग्रहालय पाहिलेलं होतं, त्यामुळे जंगल या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी बाईंचं कपाट उघडायला लावलं आणि डोक्याला हात लावला. "सगळं निळं? अहो, तिकडे एक माशी असते, ती निळ्यावर धावते! पार झोपेचा रोग होतो!" मग त्यांनी परवासाहेबांना खाकी शर्ट-पँट शिवायला सांगितली, जाड तळाचे बूट घ्यायला लावले आणि बजावलं, "हे सगळं आत्तापासून अंगवळणी पाडा. नाही तर सिंह एकीकडे आणि तुमच्या टाचेचा फोड एकीकडे."

कोपऱ्यावरचा शिंपी गणवेश शिवण्यात मुरलेला. खाकी म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलंच नाही. कपडे आले तेव्हा खांद्यांवर पट्ट्या होत्या, छातीवर दोन झाकणवाले खिसे होते आणि डाव्या खिशापाशी एक छोटा हूक. "हा शिट्टीला," शिंपी म्हणाला. "माझ्यातर्फे." त्याच संध्याकाळी परवासाहेब बूट अंगवळणी पाडत फाटकापाशी येरझाऱ्या घालत असताना एका मोटारीने हॉर्न वाजवला. परवासाहेबांनी दुर्लक्ष केलं. मोटारवाल्याने काच खाली करून "काय राव, झोपलात का?" असं विचारलं. तेव्हा फाटक उघडून देण्यावाचून त्यांना दुसरा काही मार्ग सुचला नाही. वर त्याने "थँक्यू, मामा" म्हटलं. हेडक्लार्क माणूस, गाडीतला माणूस त्यांच्याच वयाचा, आणि म्हणे मामा!

एवढ्या गडबडीत लस राहिली. पहिल्या आठवड्यात बाईंनी आठवण केली तेव्हा ते म्हणाले, "परवा जाऊ." दुसऱ्या आठवड्यातही असंच काहीसं म्हणाले. तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी ट्रॅव्हलवालीचा फोन आला. ते बूट पुशीत होते.

"सर, तुमच्या दोघांची लस परवाच ना?"

"हो, परवाच," परवासाहेब म्हणाले.

झालं. तिने यादीत 'लस झाली' अशी खूण केली, कारण तिचा परवा मागचा, मंगळवारचा. यांचा परवा पुढचा, शनिवारचा. दोघंही खरं बोलले होते आणि दोघांचंही समाधान झालं होतं. तिने पुन्हा फोन केला नाही. शनिवारी परवासाहेब बाईंना घेऊन लसीकरण केंद्रावर गेले, तर दाराला कुलूप. बाजूला पाटी: 'फक्त मंगळवारी, दहा ते बारा.' बाईंना ती वाचता येईना, म्हणून परवासाहेबांना मोठ्याने वाचून दाखवावी लागली.

ते तिथेच पायरीवर बसले आणि बोटांवर दिवस मोजायला लागले. येता मंगळवार, बुध एक, गुरू दोन... पुढच्या शुक्रवारपर्यंत बरोबर दहा. एकही दिवस इकडचा तिकडे नाही. मंगळवार चुकला की विमान चुकलं. पुढची सहल गवत वाळल्यावर, म्हणजे आठ महिन्यांनी. आणि आठ महिन्यांनी बाईंना काय दिसेल, हे डॉक्टरसुद्धा सांगत नव्हते. परवासाहेबांनी पुन्हा मोजले. दहाच आले.

"किती?" बाईंनी विचारलं.

"भरपूर आहेत," ते म्हणाले, आणि त्यांना घाम फुटला.

मंगळवारी ते साडेनऊलाच हजर झाले. अंगात खाकी, कारण दंडावर टोचायला सोयीचा असा अर्ध्या बाहीचा इस्त्री केलेला तेवढा एकच शर्ट होता. केंद्र म्हणजे एका जुन्या दवाखान्याची तळमजल्यावरची खोली. हिरवी अर्धी भिंत, दोन बाकं, एक खिडकी, खिडकीवर घड्याळ. दहाला एक जाडजूड सिस्टर आल्या, त्यांनी खिडकी उघडली आणि एका दमात सांगून टाकलं: "फॉर्म भरून ठेवा. एका कुपीत दहा जणांची लस असते. फोडली की तासाभरात संपवावी लागते, म्हणून दहा जण जमल्याशिवाय मी कुपी फोडत नाही. दहा झाले की हाक मारते. बाराला खिडकी बंद." आणि त्या आत जाऊन नोंदवही लिहीत बसल्या.

साडेअकरापर्यंत माणसं येत राहिली. एक खलाशी, एक प्राध्यापिका, एक म्हातारं जोडपं, दोघं बहीण-भाऊ, एक गवंडी, आणि सगळ्यात शेवटी हातावर भाजल्याचे बारीक डाग असलेला एक वेल्डर. हे आठ, बाई नऊ, परवासाहेब दहा. दहा जमले होते! हाक मारली की संपलं. परवासाहेबांनी बाईंना बाकावर बसवलं आणि पाय मोकळे करायला म्हणून दाराशी जाऊन उभे राहिले. जगातल्या बहुतेक आपत्तींची सुरुवात अशीच, कुणी तरी पाय मोकळे करायला उठल्यामुळे होत असावी.

कारण दाराशी उभा राहिलेला खाकी माणूस दिसला की लोक फॉर्म त्याच्या पुढे करतात. "बरोबर भरलाय का बघा हो," खलाशी म्हणाला. आता तुम्हीच सांगा. बावीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचे अर्ज तपासले, त्याच्या हातात भरलेला अर्ज आल्यावर तो काय करील? परवासाहेबांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. पाठ ताठ झाली. गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपण कोण आहोत हे आठवलं.

"शाई निळी आहे," ते म्हणाले. "काळ्या शाईत भरायचा असतो."

"मग?"

"परवा या."

त्यांनी ते म्हटलं नाही, ते म्हटलं गेलं. शिंक येते तसं. खलाशी आला तसा निघूनही गेला. प्राध्यापिकेची सही चौकटीच्या बाहेर गेली होती. तिने वाद घातला, पण परवासाहेबांच्या चेहऱ्यावरची तो जुना, थंड, अत्यंत सभ्य असा मख्खपणा पाहून तीही पर्स आवळून चालती झाली. वेल्डरने वडिलांचं नाव आडनावाच्या जागी घातलं होतं. "परवा," परवासाहेब म्हणाले. वेल्डर त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, काही तरी आठवत असल्यासारखा. मग फॉर्म घडी करून खिशात घातला आणि तोही गेला.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना सिस्टरांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि पेनाने मोजलं. "सहाच? मगाशी तर बरेच दिसत होते. चार कमी आहेत. नाही फोडता येणार कुपी. आता पुढच्या मंगळवारी."

परवासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. चार कमी कसे हा हिशेब मनात करायचं त्यांना भानच उरलं नाही. तीन त्यांना पुरेसे होते, कारण ते तीन कुठे गेले हे या खोलीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं. बाई बाकावर मान जराशी तिरकी करून बसल्या होत्या. समोर बघितलं की मधलं दिसत नसे, म्हणून आताशा त्या असंच बघायच्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "कुणाला काय सांगत होतात तुम्ही दाराशी?"

उत्तर न देता परवासाहेब धावले. अठ्ठावन्न वर्षांचा हेडक्लार्क, जाड तळाचे बूट, खांद्यांवर पट्ट्या. रस्त्यावरचे लोक चोर कुठे आहे ते बघायला वळून पाहू लागले. खलाशी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर सापडला. "चला, चला परत!" "पण शाई?" "निळी चालते!" "तुम्हीच तर—" "नियम बदलला!" खलाशाने चहा बशीत ओतून फुंकून-फुंकून संपवला. त्या चहाला जितका वेळ लागला तितका परवासाहेबांच्या कुठल्याही फाइलीला कधी लागला नसेल असं त्यांना वाटलं, अर्थात ते खरं नव्हतं. प्राध्यापिका झेरॉक्सच्या दुकानात नवा कोरा फॉर्म मागत होती. तिने आधी त्यांचं नाव विचारलं, हुद्दा विचारला, तक्रार कुणाकडे करायची तेही विचारलं, आणि ते "माझ्याकडेच करा, पण चला!" असं ओरडल्यावर हसू दाबत निघाली.

वेल्डर बसथांब्यावर होता. आठ मिनिटं उरली होती.

"चला," परवासाहेब धापा टाकत म्हणाले. "कुपी फोडायला माणसं कमी पडतायत."

वेल्डर जागचा हलला नाही. "मला घाई नाही. माझं जाणं महिन्याने आहे. तुम्ही परवा या म्हणालात, मी परवा येईन."

"परवा केंद्र बंद असतं!"

"मग परवा या का म्हणालात?"

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. म्हणजे विचारला असेल, पण काचेपलीकडून, आणि तेव्हा घड्याळ यांच्या बाजूचं होतं.

"मगाशी ओळखलं नाही मी," वेल्डर म्हणाला. "खाकीमुळे. 'परवा' म्हणालात तेव्हा आवाज ओळखीचा वाटला. परवाना विभाग ना? खिडकी चार?"

परवासाहेबांनी मान डोलावली. खोटं बोलायला दमही नव्हता.

"माझं वेल्डिंगचं दुकान होतं. पाटीच्या परवान्यासाठी अकरा खेपा घातल्या मी. अकरा परवा. पाटी नाही म्हणून कुणाला दुकान सापडेना, आणि परवाना नाही म्हणून पाटी नाही. शेवटी शटर ओढलं. आता तिकडे आफ्रिकेत नोकरी धरलीय, पाइप जोडायची. दोन वर्षं." हे त्याने चिडून सांगितलं नाही. चिडला असता तर परवासाहेबांना बरं वाटलं असतं, चिडलेल्या माणसांची त्यांना सवय होती.

त्यांना लाज वाटली, सरळसोट लाज वाटली. खिशात काळ्या शाईचं पेन होतं. त्यांनी वेल्डरच्या हातातला फॉर्म घेतला, थांब्याच्या लोखंडी बाकापुढे गुडघे टेकले, आणि दुसऱ्याच्या अर्जातली चूक जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने दुरुस्त केली. नाव खोडलं, योग्य जागी लिहिलं, बाजूला बाण काढला. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं नसेल.

"माझ्या बायकोचे डोळे जाताहेत," ते खाली बघतच म्हणाले. "तिला जिराफ चालताना बघायचाय. आज लस झाली नाही तर ते राहिलं. माझ्यासाठी नका येऊ. पण चला. आत्ता."

"आत्ता," वेल्डर म्हणाला. शब्द नवा असल्यासारखा त्याने तो तोंडात घोळवून पाहिला. मग उठला.

खिडकी खाली ओढायला सिस्टरांनी हात वर केलेला असताना हे चौघे आत शिरले. सिस्टरांनी नाइलाजाने पुन्हा पेन उगारलं. "सात, आठ... नऊ. एक कमीच आहे. सॉरी."

नऊ! परवासाहेब मोजू लागले, आणि दोनदा मोजूनही त्यांचे नऊच झाले. एवढी धावाधाव, गुडघे टेकणं, सगळं फुकट. तेवढ्यात बाकावरून बाईंचा वर्गातला आवाज आला. "अहो, स्वतःला कोण मोजणार?"

"मी!" परवासाहेब ओरडले. "मी दहावा! मी आहे!"

"तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही तर वॉचमन ना?"

"नाही हो! मी प्रवासी आहे!"

सिस्टरांनी पट्ट्या पाहिल्या, शिट्टीचा हूक पाहिला. "म्हणजे मगाशीच दहा होते की. मग हे तिघं गेले कशाला?"

खलाशाने छताकडे पाहिलं, प्राध्यापिकेने परवासाहेबांकडे. एक शब्द वेल्डरने टाकला असता तर पुढचं सगळं संपलं असतं. तो म्हणाला, "फॉर्ममध्ये चूक होती. आता केली बरोबर."

"आणा तुमचा," सिस्टर परवासाहेबांना म्हणाल्या. त्यांनी फॉर्म वरून खाली वाचला आणि मध्येच थांबल्या. घड्याळात बाराला एक मिनिट होतं. "यात जन्मतारखेच्या जागी तुम्ही आजची तारीख टाकलीय."

परवासाहेबांनी डोळे मिटले. आता काय ऐकू येणार ते त्यांच्याइतकं या पृथ्वीवर कुणाला ठाऊक नव्हतं.

"जन्म कधीचा?" सिस्टरांनी विचारलं. त्यांनी सांगितला. सिस्टरांनी लिहिला. "बाही वर करा," त्या म्हणाल्या, आणि आतून काच फुटल्याचा टक् असा बारीक आवाज आला.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं असतं. परवासाहेब वेल्डरच्या शेजारी बसले. दोघांनी आपापले दंड धरले होते. मग त्यांनी विचारलं, "अर्जाचा क्रमांक आठवतोय?" वेल्डरने न थांबता सांगितला. अकरा खेपांनंतर तो विसरणार कसा?

बाईंना घरी सोडून ते रजेवर असतानाही तसेच कचेरीत गेले. दारावरच्या वॉचमनने त्यांना 'नवीन का?' असं विचारलं, तेही त्यांनी मनावर घेतलं नाही. फाइल चौथ्या कपाटात तळाशी होती. वर त्यांच्याच सुबक अक्षरातला शेरा होता: 'पाटीची रुंदी अक्षरी लिहिलेली नाही.' परवासाहेबांनी पेन काढलं आणि लिहिलं, 'सहा फूट'. दोन शब्द. ते त्या दोन शब्दांकडे बराच वेळ पाहत बसले. मग साहेबांपुढे स्वतः उभं राहून सही घेतली आणि फोन लावला. "परवाना तयार आहे. उद्या या."

"कोण बोलतंय?" वेल्डरने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो आला, परवाना दोनदा वाचला आणि घडी करून खिशात घातला. "यंत्रं विकली साहेब मी गेल्या महिन्यात," तो म्हणाला. "आता परत आलो की लावीन पाटी. तोवर जपून ठेवतो." परवान्याची मुदत एक वर्षाची असते. परवासाहेबांनी कागद परत मागून घेतला आणि मुदतीच्या रकान्यात लिहिलं, 'पाटी लावल्याच्या दिवसापासून'. असा शेरा कुठल्याही नियमात बसत नाही. निवृत्तीला दोन महिने उरले असताना केलेला हा त्यांच्या नोकरीतला पहिला बेकायदा प्रकार. त्याने झालेलं नुकसान भरून आलं नाही, आणि आलं नाही हे त्यांना पुरतं कळत होतं.

शुक्रवारचं विमान मिळालं. दहा दिवस दहाच भरले.

उद्यानातल्या दुसऱ्या सकाळी उघड्या टपाच्या जीपमधून बाईंना जिराफ सापडला. सापडला म्हणजे परवासाहेबांनी दाखवला. एका काटेरी झाडापाशी तो चित्रातल्यासारखा उभा होता. पाला चघळत होता आणि हलत नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाई मान तिरकी करून, श्वास रोखून बसल्या होत्या. इतक्यात ड्रायव्हरच्या वायरलेसवर खरखर झाली आणि ट्रॅव्हलवाली मागे वळून आनंदाने म्हणाली, "सिंह! पाण्यावर सिंह आलेत! जिराफ काय, पुष्कळ आहेत. इकडे आपण परत येऊच ना सर. परवा येऊ."

जीप सुरू झाली. बाईंनी हात मांडीवर घेतले.

परवासाहेब उभे राहिले. तीच खाकी, तेच बूट. जंगलात बोलायचं नसतं हा मॅनेजरांचा उपदेशही ते विसरले. "नाही," ते म्हणाले. "परवा नाही. आत्ता."

त्यांचा चेहरा पाहून ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बाकीच्या प्रवाशांनी सुस्कारे सोडले, कुणी घड्याळ दाखवलं, कुणी त्यांच्या कुळाचा उद्धार केला असेल. परवासाहेब खाली बसले नाहीत. सिंह काय करत असतील ते करोत. जिराफाने पाला संपवला, मान वर केली, जीपकडे अत्यंत उदासीनपणे पाहिलं आणि निघाला.

बाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला, नेमका लस टोचलेला. "उजवे दोन," त्या पुटपुटल्या. "डावे दोन. उजवे दोन..." गवत संपून झाडी लागेपर्यंत त्यांनी पावलं मोजली. मग जीप वळली, तरी त्या मागे वळून, मान तिरकी करून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या. जीपमध्ये कुणीच त्यांना काही विचारलं नव्हतं. "बघितलाय मी."